कानाने निवडलेला कॅमेरा

शिलाई मशीन दुरुस्त करणारी मिस्त्रीण भाड्याने कॅमेरे देणाऱ्या दुकानात उभी होती. बंद गोदामाच्या तुळईवर गव्हाणी घुबडाने पिल्लं काढली होती आणि उद्या सकाळी गोदाम पाडणार होते. "नुसत्या अर्जावर काम थांबत नाही. पिल्लांचा फोटो पाचच्या आत आणा," असं पालिकेच्या साहेबाने बजावलं होतं. काल मोबाइलवर काढलेला फोटो बघून त्याने विचारलं होतं, "ही उशी आहे का?"

"हा घ्या," दुकानदार म्हणाला. "वाघाची मिशी मोजता येईल."

"मला वाघ नकोय. वाजवून दाखवा."

दुकानदाराने बटण दाबलं. खटाक! या आवाजाने आई बिथरून उडाली तर पिल्लांकडे परतेल की नाही, कोण सांगणार? मिस्त्रिणीने डोळे मिटले. मशीनचं दुखणं ती कानानेच ओळखायची. तसे सहा कॅमेरे ऐकले.

"वहिनी, नवरा निवडताना एवढं ऐकून घेतलं असतंस तर," सोबत आलेली नणंद पुटपुटली.

"तुझाच भाऊ तो. तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या."

सातवा जेमतेम कुजबुजला. तोच तिने उचलला.

गोदामात दुपारीही अंधार. मिस्त्रिणीने शिडीवरून नेम धरला, बटण अर्धं दाबलं, आणि अंधारात फोकस जुळवणारा कॅमेऱ्याच्या कपाळावरचा दिवा भसकन पेटला. नारिंगी उजेड थेट पिल्लांच्या तोंडावर. आईने मान वळवली, पंख उचलले. कानाने सगळं ऐकलं, पण डोळे उघडून बघितलं कुठे होतं?

तिने दिव्यावर अंगठा दाबला. आता कॅमेऱ्याला काही दिसेना. "सगळं धूसर दिसतंय," ती पुटपुटली.

"भिंग हाताने फिरव की," शिडी धरलेली नणंद खालून कुजबुजली. "मशीनचं चाक फिरवतेस तसं."

मिस्त्रिणीने भिंगाची कडी दोन बोटांनी, केसभर, आणखी केसभर फिरवली. घुबडाचा चेहरा लख्ख झाला. पंख मिटले. तिने बटण दाबलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना साहेबाने कॅमेरा हातात घेतला.

"अर्जात तीन पिल्लं लिहिलीत. मला दोन दिसतात."

"तिसरं आईच्या पंखाखाली आहे. चोच बघा." तिने फोटो मोठा केला.

साहेबाने चष्मा चढवला. तीन चोची मोजल्या. मग अर्ज ओढून 'पाडकाम स्थगित' असं लिहिलं. त्याची सही पूर्ण होईपर्यंत मिस्त्रिणीने कॅमेरा परत घेतला नाही.