एकादशीचे डोंगर

"बाबाजी, एकादशीलेच काहून चढते तुमचं बीपी?" नर्सबाई माझ्या वडिलांवर अशी ओरडली, की भरवेलीच्या खाणीतला सुरुंगही लाजला असेल.

बाई बदलीवर आलेली. नाव विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. खाणीच्या कॉलनीतल्या म्हाताऱ्यांकडं ती रोज सायकलनं येई, बीपी मोजी आणि भिंतीवर चिकटवलेल्या चौकडीच्या कागदावर अंबाड्यातल्या पेन्सिलीनं एक ठिपका देई. सायकल इतकी जोरात हाणायची, की बालाघाटची बस तिला वाट द्यायची.

वडिलांचा डावा हात लकव्याच्या एका झटक्यानं लुळा पडला होता. दुसऱ्या झटक्यात माणूसच जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरला दिसायचा तो त्या दिवसाचा आकडा. बाईला कागदावर अख्खे दोन महिने दिसत. त्या दिवशी तिनं ठिपके जोडले, तर सातपुड्यासारखे चार डोंगर उभे राहिले. मग तिनं शेजारच्या कॅलेंडरात तारखा पाहिल्या आणि ओरडली.

"उपासाले गोळी चालत नाही, बाई," वडील म्हणाले.

"अन् परातभर साबुदाणा चालते? मी हरणारी नाही, बाबाजी!"

तिनं पेन्सिल उपसली आणि कॅलेंडराची पानं उलटत वर्षभराच्या एकेका एकादशीखाली लिहिलं: 'गोळी चालते.'

पुढच्या एकादशीला वडिलांनी मुकाट्यानं गोळी गिळली.

"बाबा, उपास मोडला ना?" मी डिवचलं.

"कॅलेंडरात लिहून हाय," ते म्हणाले.