बुगडीच्या कानाला हेडफोन

सासूबाईंना ऐकू कमी येतं हे आमच्या घरात सगळ्यात उशिरा त्यांनीच मान्य केलं. त्याआधी वर्षभर सगळा दोष रेडिओचा होता.

रेडिओ माझ्या माहेरहून आलेला, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. लावल्यावर बराच वेळ काहीच होत नसे, मग काचेमागचा हिरवा डोळा उजळायचा आणि आवाज यायचा. बेलापूरच्या आमच्या घरात तो मधल्या खोलीत फळीवर ठेवलेला होता. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दुपारची जेवणं आटोपली की त्याच्याखाली पाय पसरून धान्य निवडत बसायच्या. आधी त्या आवाज वाढव म्हणायच्या. मग स्वतः उठून बटण पिरगाळायला लागल्या. बटण पुढे जाईना तेव्हा म्हणाल्या, "पोरी, तुज्या पेटीत बाजार भरल्यावानी वाटतंय. आवाज लई येतो, पन सबूद येत न्हाई."

मी श्रीरामपूरला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. आवाज येतो पण शब्द येत नाहीत, ही तक्रार मी रोज ऐकायची. त्यावर ओरडून उपयोग नसतो, ओरडलं की शब्द आणखी फुटतात. पण सासूच्या कानाबद्दल सुनेनं काय बोलायचं? हळूहळू त्या रेडिओखाली बसेनाशा झाल्या. सूप घेऊन मागच्या पडवीत जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काय ऐकायचं त्येच त्येच."

अशात राजूरहून कार्ड आलं. त्यांची थोरली बहीण तिकडे डोंगरात राहायची. इकडे आत्याबाईंचे गुडघे आणि तिकडे तिचा दमा, त्यामुळे चार वर्षांत भेट नव्हती. कार्ड शाळेतल्या कुणा पोरीकडून लिहून घेतलेलं होतं. रेडिओची माणसं गावात येऊन जात्यावरच्या ओव्या मशीनवर घेऊन गेली होती. तीन बायका गायल्या, त्यातली एक ही. पुढच्या महिन्यात एका बुधवारी दुपारी त्या पुण्याहून लागणार होत्या. 'इथे डोंगरात नीट लागत नाही. तू ऐक आणि कशा झाल्या ते कळव.'

मी कार्ड त्यांच्या कानाशी मोठ्यानं दोनदा वाचलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "तूच ऐक. आन् मला सांग."

"मला ओव्यांतलं काय कळतंय, आत्याबाई?"

"न्हाई कळलं तर न्हाई कळलं," असं म्हणून त्या उठून गेल्या. पण कार्ड त्यांनी कनवटीला खोचलं. पुढे तीन दिवस ते तिथेच होतं, त्याच्या कडा घामानं मऊ झाल्या होत्या. ओव्या एकदाच लागणार होत्या आणि त्या आत्याबाईंच्या कानात पडायला हव्या होत्या. त्यासाठी माझ्या हातात जेमतेम तीन आठवडे होते.

स्पीकरचा आवाज खोलीभर पसरतो आणि भिंतींवर आपटून फुटतो. हेडफोनचा आवाज सरळ कानात जातो. माझ्या ऑफिसातला हेडफोन सरकारी, त्याला हात लावायचा नाही. म्हणून एका रविवारी मी नगरच्या जुन्या बाजारात गेले. तिथे लष्करातून निकालात निघालेल्या वस्तूंचे ढीग असायचे. बूट, पाण्याच्या बाटल्या, घड्याळांच्या काचा आणि एका गोणपाटावर हेडफोनचा गुंता. मी टॉर्चचा सेल आणि तारेचा तुकडा सोबत नेला होता. हेडफोनच्या पिनेचं टोक सेलच्या डोक्याला टेकवलं आणि तिचा दांडा तारेनं सेलच्या बुडाला जोडला की चांगल्या हेडफोनमध्ये 'टक्' असा आवाज होतो, दोन्ही कानांत सारखा. मी मांडी घालून एकेक कानाला लावून पाहायला लागले तसा दुकानदार म्हणाला, "बाई, रणगाडा घेताय का काय?"

"घेतला तर तुमच्या दुकानावरून नेईन," मी म्हटलं.

पहिला मुका निघाला. दुसरा एकाच कानात बोलायचा. तिसऱ्यात टक् आवाज आला, पण डावीकडे बारीक. चौथा रबरी वाट्यांचा, जाड कातडी पट्ट्याचा आणि वजनानं पावशेराच्या मापासारखा होता, पण दोन्हीकडे खणखणीत. तो घेतला.

रेडिओ ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधला आणि श्रीरामपूरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, मी बसनं गेले. तो गृहस्थ कमी बोलणारा होता. त्यानं आधी मागचा पुठ्ठा काढून आत पाहिलं आणि विचारलं, "कोणाच्या कानाला लावायचाय?"

"सासूबाईंच्या."

"हा सेट नुसत्या एसीवरचा आहे म्हणून करतो. एसी-डीसी असता तर बाहेर तार काढून दिलीच नसती. त्यात अंगाला करंट येतो. सासूबाई असल्या तरी."

स्पीकरची तार नुसती तोडायची नाही, असंही त्यानं बजावलं, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यानं स्पीकरच्या बदली एक छोटा रेझिस्टन्स लावला आणि मागे एक खटका बसवला. एका बाजूला ओढला की स्पीकर, दुसऱ्या बाजूला ओढला की हेडफोन. हेडफोनच्या लष्करी पिनेला बसेल असं छिद्र काही आपल्याकडे मिळेना. मग पीन कापून तारा सोलल्या आणि मागच्या दोन भोकांत आगकाडीचे तुकडे ठोकून घट्ट बसवल्या. घरोघर असंच करत.

घरी आल्यावर मी स्वतः लावून पाहिलं. बातम्या सांगणारा माणूस माझ्या डोक्याच्या मधोमध बसून बोलत होता. मी आत्याबाईंना हाक मारली, पाटावर बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि बटण फिरवलं.

"येतंय?"

त्यांनी मान हलवली. "बारीक किरकिर हाय. रातकिड्यावानी."

आवाज वाढवला. तरी किरकिर. माझ्या कानाला लावला की स्वच्छ, त्यांच्या कानाला लावला की रातकिडा.

ऑफिसात आम्हाला शिकवलं होतं की लाइन बोलत नसेल तर आधी आपलं टोक तपासा, मग तार, मग समोरचं टोक. मी आगकाड्या बदलल्या. तारांची टोकं सुरीनं खरवडली. डावी वाटी उजवीकडे केली. ह्यांनी गच्चीवर जाऊन एरियलची तार ताणली. आठ दिवस रोज संध्याकाळी हाच उद्योग, आणि आत्याबाई पाटावर गुपचूप बसून, इंजेक्शन घेणाऱ्या पोरासारखं तोंड करून. शेवटी सेट पुन्हा सायकलवर चढला. दुरुस्तीवाल्यानं ऐकून पाहिलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"सेट चांगला, हेडफोन चांगला. आता कान तपासा, ताई."

येताना बसमध्ये मला फार वाईट वाटलं. मी रडणारी बाई नाही, तिकीट नीट घडी घालून ठेवलं इतकंच. घरी येऊन त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "बुधवारी मी सुट्टी घेते. सगळं लिहून काढीन, शब्दन् शब्द."

"बरं," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "लई राबलीस गं माज्यापायी."

त्यानंतरच्या रविवारी त्यांचं न्हाणं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मळ्यात गेलेले. मागच्या पडवीत मी आत्याबाईंच्या ओल्या केसांना तेल लावत होते. पांढरे, मऊ, पण अजून भरपूर केस होते त्यांचे. वैतागून मी स्वतःशीच पुटपुटले, "विकून टाकावी ती पेटी."

"इकू नगं," आत्याबाई म्हणाल्या. "पोरं ऐकत्याल."

माझा हात थांबला. मी ओरडले नव्हते, त्यांच्या पाठीमागे होते. फक्त माझं तोंड त्यांच्या कानाजवळ होतं, आणि कान उघडा होता.

लग्न होऊन मला सहा वर्षं झाली होती आणि आत्याबाईंचा कान मी पहिल्यांदा नीट पाहत होते. जाड इरकली लुगड्याचा पदर त्या डोक्यावरून दुहेरी घ्यायच्या, उन्हात, थंडीत, चुलीशीही. मामंजींसमोर तो एवढासाही सरकलेला कुणी पाहिला नव्हता. तो पदर म्हणजे त्यांचं डोकंच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्यावरून हेडफोन चढवताना मला तो दिसलाच नाही, आणि पदर काढा असं त्यांना सांगणं माझ्या काय, कुणाच्याच स्वप्नात आलं नसतं. शिवाय कानाच्या वरच्या पाळीला मोत्यांची बुगडी. रबरी वाटी त्या बुगडीवर टेकून अधांतरी राहत होती, आणि मध्ये दोन पदरी कापड. मी सगळी टोकं तपासली होती. एवढं एक टोक राहिलं होतं.

तेलकट हातांनी मी आत पळाले, रेडिओ लावला. हेडफोन आणून, तार खिडकीतून ओढून, तशाच मोकळ्या केसांवर त्यांना लावला. पेरणीबद्दल कुणीतरी बोलत होतं. आत्याबाई दचकल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं, ह्यो मानूस खतं सांगतोय!"

"ओरडू नका, मला ऐकू येतंय!" मीही ओरडून सांगितलं.

मग वाट्या दोन्ही हातांनी दाबून त्या म्हणाल्या, "बुगडी रुततीया."

"काढून ठेवा की."

"हे जित्ते हायेत तवर काढायची व्हय? शानीच हायेस."

मग त्याच म्हणाल्या, "चुंबळ कर. दोन. बारकी, पोराच्या भावलीच्या घागरीला असती तशी." डोक्यावर घागर टेकायला कापडाची गोल चुंबळ करतात, तशा दोन इवल्या चुंबळी मी जुन्या लुगड्याच्या काठाच्या शिवल्या. वाटी आणि कान यांच्या मध्ये चुंबळ बसली, बुगडी तिच्या पोकळीत राहिली, आणि आवाज बाहेर सांडायचाही थांबला. पावशेरी वजनाचाही भार वाटेना.

उरला पदर. बुधवारी ओव्यांच्या वेळेला मामंजी जेवून मधल्या खोलीतच असणार. त्यांच्यासमोर डोकं उघडं टाकणं शक्य नव्हतं, आणि त्यांना बाहेर जा म्हणणं त्याहून अशक्य. मी पट्टा उलटा करून पाहिला. डोक्यावरून न घेता हनुवटीखालून घेतला, डॉक्टर नळी लावतात तसा. वाट्या कानांवर आल्या, आणि त्या सगळ्यावरून आत्याबाईंनी पदर ओढून घेतला. बाहेरून दिसत होती ती फक्त हनुवटीखालची कातडी पट्टी आणि पदराखालून निघालेली तार.

बुधवारी मामंजी हात पुसत आत आले आणि बायकोकडे पाहत उभे राहिले. मला म्हणाले, "दाढ दुखतीया का तिची?"

"नाही मामंजी, रेडिओ ऐकतात."

"मंग मला कुटं ऐकू येतंय?"

"खटका हेडफोनवर आहे. आज त्यांनाच ऐकू येणार."

"आन् आपुन?"

"आपण बसायचं."

ते खरोखरच बसले. मीही बसले. खोलीत एकही आवाज नव्हता, फळीवरचा हिरवा डोळा तेवढा उजळलेला. आत्याबाई आधी नुसत्या बसून होत्या. मध्येच मामंजी मला म्हणाले, "संपलं असंल," तेव्हा आत्याबाईंचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मूठ वळली. जात्याच्या खुंट्याला धरावं तशी ती हवेत सावकाश फिरायला लागली. मग डावा हात पुढे झाला आणि दाणे घातल्यासारखं मधून मधून काहीतरी टाकू लागला. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, पण गाणं बाहेर येत नव्हतं. मामंजींनी सुपारी फोडायला घेतली होती, ती त्यांनी न फोडताच डब्यात ठेवली.

थोड्या वेळानं हात थांबला. आत्याबाईंनी पट्टा काढला, चुंबळी नीट आत बसवल्या, आणि म्हणाल्या, "कार्ड आन."

मी कोरं कार्ड आणि पेन घेऊन बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "लिही, दम लई लागतोय तुला. दुसऱ्या ओवीला श्वास घेतलास त्यो माज्या कानात आला, शिट्टीवानी. तुज्या संगं गानारी ती दुसरी, ती तुला पुढं ढकलतीया, तिला म्हनावं दमानं. अडुळशाचा पाला मीठ घालून उकळ. रातचं दही खाऊ नगं. चुलीत ओली लाकडं घालू नगं."

लिहिता लिहिता कार्ड भरलं. मी पत्त्याच्या बाजूला वळले, तीही निम्मी भरली. शेवटी अगदी बोटभर जागा राहिली.

"आत्याबाई, ओव्या कशा झाल्या ते राहिलंच की."

"त्ये काय लिहायचं?" त्या म्हणाल्या. "तिनंच म्हटल्या न्हवं, तिला म्हाईत हाय."

त्या सूप घेऊन उठल्या. मागच्या पडवीत न जाता रेडिओखालीच बसल्या आणि मामंजींना म्हणाल्या, "आता तुमी ऐका, खटका वडा तिकडं."

राहिलेल्या बोटभर जागेत मी माझ्या मनानं लिहून टाकलं, 'ओव्या फार छान झाल्या.' मी त्यातली एकही ऐकली नव्हती.