स्वयंपाकघराची भिंत

घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आजोबांनी बांधलेलं आमचं कौलारू घर होतं. आजोबा गेल्यावर पुढच्या खोल्यांत धाकट्या काकांचा संसार आणि मागच्या खोल्यांत आमचा. मागच्या अंगणात वडिलांनी स्वयंपाकघर वाढवलं होतं. भांडण त्याचंच. काका म्हणायचे, अंगण दोघांचं, तर त्यावरची खोली एकट्याची कशी? शेवटी त्यांनी दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. मी तेव्हा एकवीस वर्षांची, फोर्टात एका हापिसात टायपिस्ट होते.

मोजणीसाठी कोर्टाचा माणूस सोमवारी येणार होता. तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. रविवारी सकाळी काका पहार घेऊन आले. बाहेरून पहिला घाव बसला तसे फळीवरचे डबे आईच्या अंगावर कोसळले.

वडील धावत अंगणात गेले. "अरे, कोर्टाचो हुकूम आसा."

"अंगण माझ्याय बापाशीचा," काका म्हणाले. "आज ही भिंत पाडतलंय."

वडिलांनी पहार धरली. काकांनी ती हिसडली आणि तिचं टोक वडिलांच्या जबड्यावर बसलं. दोन दात पायरीवर पडले. आई मध्ये गेली. "भावोजी, पुरे झालं," एवढंच म्हणाली. काकांनी तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं आणि परत पहार उचलली. भिंतीवर घालायला की तिच्यावर, ते मला आजही सांगता येत नाही.

स्टोव्हवर भाताचं आधण उकळत होतं. मी फडक्याने टोप उचलला, बाहेर आले आणि काकांवर ओतला. रागात भान नव्हतं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. पण स्वतःचे पाय भाजू नयेत म्हणून मी आधी बाजूला सरकले होते. काका ओरडले नाहीत. खाली बसले आणि कण्हत राहिले. काकूने बनियन काढायला घेतलं, तर उजव्या खांद्याची कातडी त्याच्याबरोबर आली.

इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला. "कोणी टाकलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "भावान."

वडिलांच्या तोंडात कापसाचे बोळे होते. त्यांनी होकाराची मान हलवली. मी बोलायला गेले, तर आईने माझ्या दंडात नखं रुतवली. "गप राहा. तुझं लग्न व्हायचंय."

वडील कोठडीत गेले. मी सोमवारी हापिसात गेले आणि दिवसभर टाइप केलं.

दाव्यात साक्षी सुरू झाल्या तोवर वडील जामिनावर सुटून आले होते. काकांना शपथेसाठी उजवा हात पुरता वर करता येईना. आमच्या वकिलाने विचारल्यावर त्यांनी तेच सांगितलं: भावाने टाकलं. मी मागच्या बाकावर होते. उठले नाही.

निकाल चार वर्षांनी लागला. अंगण मधोमध कापलं गेलं आणि अर्धं स्वयंपाकघर वडिलांना स्वतः माणसं लावून पाडावं लागलं.

त्या दिवशी मी वडिलांना विचारलं, "काकांनी मला वाचवलं ना?"

"तुका? त्याका माका आत घालूचा होता." मग पाडलेली एक वीट उचलून बाजूला ठेवत म्हणाले, "काय म्हायत."

पुढे माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी एकटीच पुढच्या खोलीत गेले. काकूने ती दारातच घेतली. काका आत खाटेवर होते. जागे होते. मी थोडी थांबले. त्यांनी कूस बदलली.