आईची झारी

माझ्या बहिणीचं लग्न पोलादपूरला ठरलं तेव्हा आईबाबांच्या काडीमोडाला चार वर्षं झाली होती. वरपक्षाने एवढंच सांगितलं की दोघं एकाच गाडीतून उतरा, गावाला बोलायला जागा नको. बहीण काका-काकूंबरोबर आदल्या दिवशीच गेली. आम्ही तिघं महाडहून एसटीत बसलो. आई आणि मी पुढे, बाबा पार मागे.

"घरची माणसं एवढी लांब लांब?" कंडक्टरने विचारलं.

"पुढे वारा लागतो," बाबा म्हणाले.

आईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली माहेरची झारी होती. कन्यादानात बापाच्या हातावर आईने पाण्याची धार धरायची असते. काडीमोड झाला असला तरी लेकीपुरतं चालवून घेऊ, असं भटजी म्हणाले होते.

वाटेत इंजिनात पाणी घालायला गाडी थांबली. बाबांनी मला खाली बोलावलं.

"तुझ्या आईला विचार, माझ्याशेजारी पाटावर बसणार का? नसेल तर काका-काकूंना बसवतो. मांडवात तमाशा नको."

मी विचारलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. पोलादपूरचा स्टँड आला तेव्हा म्हणाली, "बसते म्हणावं. त्यांच्यासाठी नाय, पोरीसाठी."

खाली बाबांभोवती वरपक्षाचे पुरुष जमले होते. मी बोर्डिंगात वाढलेली, चार परक्या माणसांत माझं तोंडच उघडायचं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि ते मांडवाकडे निघाले. आम्हां बायकांना आत नेलं. मुहूर्त जवळ आला होता.

आई झारी घासून, पाणी भरून बाहेर आली, तर पाटावर काका-काकू बसलेले. काकू कुठल्याशा तांब्यातून धार धरत होती. बाबा दूर खांबाशी उभे होते. आईने मागच्या दारी जाऊन झारीतलं पाणी तुळशीला घातलं.

परतताना बाबा आमच्या गाडीत नव्हते.

"आधी विचारायचं आणि मग दुसऱ्यांना बसवायचं," आई म्हणाली. "लेकीच्या दारात माझी शोभा केली. तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

पुढे बहिणीच्या बाळाचं बारसं झालं. बाबा येणार हे कळल्यावर आई गेली नाही. मला म्हणाली, "तू जा. तुझं दोघांशीही बरं आहे."