मशीनच्या फळीवर

नवऱ्याला पाठीचा आतून फोटो काढायच्या मशीनच्या फळीवर पट्ट्यांनी बांधलं तेव्हा तो ओरडला, "मले काऊन बांधून राहिले? मी मेलो नाही आजून!" आमच्याकडे माणसाला असं तिरडीवरच बांधतात, म्हणून तो घाबरला. धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं, म्हणजे उंच ढीग, रचताना तो वरून पडला होता आणि पायांतली ताकद गेली होती. आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावहून जीपमध्ये आडवा घालून त्याला गोंदियाला आणलं होतं. खोली थंडगार होती, फिनेलचा वास येत होता. त्यानं पट्टा उपसला, गुडघ्यांखालची फोमची उशी फेकली. मशीनवाला वैतागला. "अम्मा, ये हिलेगा तो फोटो बिगड़ेगा. बिना फोटो के डॉक्टर पीठ को हाथ नहीं लगाएगा." म्हणजे पाय गेलेच. मी म्हटलं, "आधी मले बांध. याले दिसू दे, जित्या माणसालेही बांधतेत." आत धातू चालत नाही म्हणून माझं डोरलं, जोडवी बाहेरच काढून ठेवली होती. त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि मी फळीवर पडले. मशीनवाल्यानं माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, छातीवर नि कमरेवर पट्टे आवळले. नवरा पडल्यापासून मी पाठ टेकली नव्हती. उशीनं कंबर अशी सैल झाली की मला झोपच लागली, मी घोरायलाही लागले. नवरा हसला. "उठवा तिले, नाहीतर माहा नंबर येत नाही." मग तो मुकाट्यानं पडून राहिला. फोटो नीट निघाला, ऑपरेशन झालं. काठी टेकत तो बांधापर्यंत जाऊ लागला, पुढं बरीच वर्षं जगला. आता मी एकटी आहे.