पिस्तूल पास झालं

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमच्या भिंतीवरचा कागद दाखवलात. काळं वर्तुळ, आणि मधोमध वाटीच्या तोंडात मावतील अशी पाच भोकं. खाली तुमच्या अक्षरात लिहिलंय की हा आमच्या आजोबांचा नेम. कागद मीच पाठवला होता आणि तेव्हा खुलासा केला नव्हता. आता धाकटा शाळेत त्या कागदावर पाच मिनिटं बोलणार आहे, म्हणून आजच लिहायला बसले. ती भोकं आजोबांची नाहीत. मी पाचोऱ्याला आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. चुकीच्या माहितीवर केलेलं भाषण कितीही चांगलं झालं तरी मला चालत नाही.

पिस्तूल मात्र आजोबांचंच होतं. बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं, जवळजवळ तळहातात मावणारं. एका वर्षी आमच्या भागातल्या बऱ्याच केळीवाल्यांनी परवाने काढले, त्यात यांनीही काढला. लग्नकार्यात सफारीखाली कमरेला ते थोडंसं दिसावं, एवढंच काम त्याला होतं. एरवी ते माझ्या साड्यांच्या कपाटात पडून असे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावं लागे, आणि निवडणुका काय, एक संपली की दुसरी. आमच्याकडे यायचंच असतं तर चोराने आचारसंहिता उठेपर्यंत थांबणं आमच्या सोयीचं होतं. नाहीतर त्याच्यावर रोखायला घरात काही नसे.

वर्षातून एकदा पिस्तुलाचा मान असे. दसऱ्याला ट्रॅक्टर, विळे, केळीचे घड तोलायचा काटा यांच्या ओळीत पाटावर ते मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शिवाय गंजू नये म्हणून आजोबा त्याला खोबरेल तेल चोळत. आमच्या घरची रीत अशी की पूजेचं कुंकू पुसायचं नाही. पुढच्या दसऱ्याला त्यावरच नवं लावायचं. अशी अकरा दसऱ्यांची कुंकवं त्यावर चढली होती. गोळी मात्र एकही सुटली नव्हती.

मग शेजारच्या मळ्यात चोरी झाली. म्हाताऱ्याला खाटेला बांधून चोरांनी मोटारीची केबल आणि बाईच्या अंगावरचं सोनं नेलं. तुमच्या आईने दुसऱ्याच दिवशी फोन केला. जळगावात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने आमच्यासाठी बघून ठेवलाच होता. आजोबा म्हणाले, माझ्याकडे पिस्तूल आहे. ती म्हणाली, ते कधी चाललंय का? बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की पिस्तूल रेंजवर नेऊन तपासायचं. ते नापास झालं तर संक्रांतीनंतर आम्ही मळा सोडून फ्लॅटवर जायचं. आजोबांनी शब्द दिला. बापाच्या सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून निकाल वहीत लिहून तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

परीक्षक निःपक्षपाती नव्हता, हेही नोंदवते. मला फ्लॅट हवा होता. तिथे नळाला पाणी होतं आणि खाली वाचनालय. शिवाय न्हाणीत बेडूक येणार नव्हते.

जानेवारीच्या सुरुवातीलाच भाड्याच्या जीपने आम्ही धुळ्याला गेलो. गावाबाहेर एका रायफल क्लबची रेंज होती. तिथे निवृत्त हवालदार शिकवत. त्यांनी कागदपत्रं पाहिली, पिस्तूल हातात घेतलं आणि वरचा सरकता भाग मागे ओढला. तो सरकेना. थंडीने खोबरेल थिजलं होतं. त्यांनी ते सगळं उघडून टेबलावर मांडलं. मॅगझिनमधून अक्षतांचे सात दाणे निघाले, पुसायचं फडकं लालभडक झालं. आजोबांना ते पुसणंच पसंत नव्हतं. देवाचं आहे, निदान मुठीवरचं तरी राहू द्या, असं ते म्हणू लागले.

हवालदार मान वर न करता अहिराणीत म्हणाले, "आबा, पूजा पोचनी. आते गोयी पोचू द्या."

मी वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे शस्त्र, उजवीकडे शस्त्रधारी. अंतर दहा मीटर, गोळ्या वीस. डावा रकाना सुंदर भरत गेला. अडकणं नाही, फुसकी गोळी नाही, टरफल दर वेळी उजवीकडे नीट उडालं. धक्का आखूड नळीच्या मानाने बेताचा, असं हवालदारांनी सांगितलं तेही लिहिलं. उजव्या रकान्याचं वेगळं होतं. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि हात तर चहाच्या कपापुरताही स्थिर राहत नव्हता. वीस गोळ्यांपैकी चार कागदाला लागल्या. वर्तुळात एकही नाही. एक शेजारच्या कागदावर गेली. त्या कागदासमोर कोणी उभं नव्हतं हे नशीब.

आजोबा म्हणाले, याची नळी वाकडी आहे. हवालदारांनी वाद घातला नाही. त्यांनी नवा कागद लावला, तेच पिस्तूल उचललं आणि पाच गोळ्या मारल्या. तुमच्या भिंतीवर आहे तो हा कागद.

"पिस्तूल बठ्ठं चांगलं शे, आबा." बठ्ठं म्हणजे सगळं.

"आणि मी?" आजोबांनी विचारलं.

हवालदार टरफलं वेचायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. कप आजोबांनी दोन्ही हातांनी धरला होता. जीपवाला पान आणायला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या फ्लॅटला लिफ्ट आहे ना?"

लग्नानंतर त्यांनी कुठल्याही बाबतीत हार मानल्याचं मी ऐकलं नव्हतं. केळीचा बाग वाऱ्याने आडवा झाला तेव्हासुद्धा ते वाऱ्याला शिव्या देत होते. आता ते लिफ्टबद्दल विचारत होते. मला जे हवं होतं ते समोर आलं होतं आणि मला ते बघवेना.

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि उजव्या रकान्यावर हात ठेवला. म्हटलं, "मुलीने पिस्तुलाबद्दल विचारलंय. तुमच्याबद्दल नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, हे बसतं का नियमात?"

"प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच," मी म्हटलं. "जास्तीचं लिहिलं तर मी मार्क कापत असे."

संध्याकाळी मी तुमच्या आईला डावा रकाना स्पष्ट उच्चारात वाचून दाखवला. एक शब्दही खोटा नव्हता. कागद पुढच्या आठवड्यात पाठवला. तो कोणाचा, हे तिने विचारलं नाही. तिला भाषणाआधी हे पत्र वाचायला द्या. रागावू दे, तो तिचा हक्क आहे.

माझा मात्र पिस्तुलावर कधीच भरवसा नव्हता. मी ओट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली, चारी कोपऱ्यांना दिवे लावले आणि सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या, कुटुंबाला गावातून मळ्यातल्या खोल्यांत राहायला आणलं. त्यांची पाच माणसं आणि दोन कुत्री. आजोबा हे सगळं बघत होते आणि पिस्तुलाच्या धाकाने चोर फिरकत नाहीत, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मी कधी खोडून काढलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. मी परवाना आणि पिस्तूल ठाण्यात जमा करून पावती घेतली. नळाचा प्रश्न अजून तसाच आहे आणि बेडूक येतात. मळ्यातलं घर उभं आहे, आणि मी तिथेच राहते.