चौडम्माची मिनिटं

श्रीरंग टेंबे वाईट होते असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी भांडावं लागेल. अहो, बसचं तिकीटसुद्धा खिशात घालून घरी आणायचे आणि केराच्या टोपलीत टाकायचे! पण तीस वर्षं बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात जे काम केलं, ते काही अंगातून गेलं नाही. कामगार किती मिनिटं राबतो, किती मिनिटं बसतो आणि किती मिनिटं दिसतच नाही, हे घड्याळ धरून टिपायचं आणि त्याचा तक्ता करायचा. टेंब्यांचा तक्ता म्हटला की साहेबलोक डोळे मिटून सही करत.

चौऱ्याण्णव साली निवृत्त झाले, राजाजीनगरची भाड्याची जागा सोडली आणि व्हाइटफील्डच्याही पलीकडे, चिक्ककेरे नावाच्या खेड्यात घर बांधलं. हवा छान, पाणी गोड, आणि रस्ता? रस्त्याकडे बघवत नव्हतं. आजूबाजूला नवी घरं उठली तशी दुकानं वाढली, आणि दोन वर्षांत रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, उष्टी केळीची पानं यांचा खच पडला. टेंबे रोज सकाळी फाटकासमोर स्वतः झाडत. बंगळूरच्या शिवाजीनगरला जाणाऱ्या बससाठी थांबलेली माणसं ते कौतुकानं बघत आणि बघता बघता हातातली पुडी तिथंच टाकत. टेंब्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पंचायतीची झाडणारी बाई एकच. चौडम्मा. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. सकाळी सहाला यायची, आठच्या सुमाराला गडप व्हायची, ती पार साडेदहाला पुन्हा उगवायची. मधेच कधी टेंब्यांच्याच मागच्या दाराशी निवांत बसलेली दिसायची. झालं! टेंब्यांनी कपाटातलं जुनं घड्याळ काढलं आणि पंधरा दिवस व्हरांड्यात ठाण मांडलं. एका कोऱ्या आलेखाच्या कागदावर तक्ता तयार झाला: झाडण्यात एकशेदहा मिनिटं, बसण्यात बावीस, बेपत्ता एकशे अठ्ठेचाळीस. सोबत इंग्रजीत टाइप केलेलं पत्र, की एक हातगाडी द्या, आणखी एक माणूस द्या, कामाची नीट आखणी करा. हेतू चांगलाच होता हो. पण पंचायतीच्या सेक्रेटरीनं पत्र बाजूला ठेवलं आणि तक्ता तेवढा वाचला. पुढच्याच महिन्यात चौडम्माचं काम सुटलं आणि आठवड्यातून एकदा कुणा ठेकेदाराचा ट्रॅक्टर येऊ लागला.

"बघितलंस ना ट्रॅक्टर?" जेवताना टेंबे बायकोला म्हणाले. "तक्त्याचा उपयोग झाला म्हणायचा."

"कसला तक्ता?" सुचेताबाईंनी विचारलं.

टेंब्यांनी उठून कार्बन कॉपी आणली. सुचेताबाईंनी ती वाचली आणि वाढायचं सोडून त्या खालीच बसल्या.

"बेपत्ता काय, अहो! ती टोपली डोक्यावर घेऊन तळ्यापलीकडच्या खड्ड्यापर्यंत जायची. एकेक खेप पाऊण तासाची, अशा रोज तीन. इथं ओढ्यात टाकलं तर घाण शाळेच्या विहिरीत उतरेल म्हणून. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत का कुणाला? आणि ही बावीस मिनिटं! तिला कॉफीला मी बसवत होते. माझी कॉफी तिच्या नावावर घातलीत होय?"

 टेंबे ताट तसंच ठेवून उठले आणि भर उन्हात पंचायतीत गेले. तक्ता चुकला आहे, परत घेतो, म्हणाले. सेक्रेटरी हसला. "सर, इतका पक्का कागद मी खोटा कसा म्हणू? खाली तुमची सही आहे. ठेका वर्षभरासाठी दिलाय. पुढच्या वर्षी बघू. सरी? ठीक आहे ना?" टेंबे बाहेर आले तेव्हा ट्रॅक्टर ओढ्याच्या काठावरच कचरा ओतत होता.

त्या दिवसापासून माणूस खचला. चौडम्माचं घर वाटेत लागतं म्हणून बसला जाताना शेतातून वळसा घालू लागले. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. स्वतःची लाज वाटायची, झोपेतून उठल्या उठल्या आधी तीच आठवायची. तीस वर्षांत आणखी किती जणांना आपण असं बेपत्ता करून टाकलं असेल, हा विचार तर त्यांना धड बसूही देईना.

आणि एका सकाळी चौडम्माच दारात उभी. हातात कोरा कागद.

"सर, माझ्याबद्दल कुणीतरी वर लिहून पाठवलंय म्हणे. तुमचं इंग्रजी चांगलं. स्वल्प अर्ज लिहून द्या. तुम्ही लिहिलं की ऐकतात."

टेंब्यांनी पेन उघडलं. तारीख घातली, गाव घातलं. लिहून दिलं असतं तर तिला कळणारही नव्हतं. सुचेताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अक्का," टेंबे म्हणाले, "ते मीच लिहिलं होतं."

तिला आधी उमगेना. मग त्यांनी मोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं, घड्याळ, तक्ता, मिनिटं, काही म्हणता काही लपवलं नाही. आता ही शिव्या देईल, द्याव्यातच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"व्हरांड्यात बसायचात, तेव्हा?" तिनं विचारलं.

"हो."

"मी बघायचे तुम्हाला. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघतंय. घरी जाऊन मुलीला सांगितलंसुद्धा. म्हणून तुमच्या दारापुढं मी दोन-दोनदा झाडत होते, सर."

टेंब्यांची मान वर होईना. पेन धरलेला हात कागदावर तसाच राहिला. चौडम्मानं तो कागद त्यांच्या हाताखालून हळूच ओढून घेतला.

"राहू दे, सर," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेते."